परातकथेच्या शोधात: धरणगाव आणि धुळे

जळगाव स्टेशनाबाहेर पाय ठेवल्याबरोबर एका रिक्षावाल्याने मला विचारलं, "कथा, ताई?"

मी थबकले. मी पुण्याहून कथाच शोधायला आले होते, पण ही गोष्ट घर आणि कचेरी सोडून कुणाला ठाऊक नव्हती.

"हो," मी म्हणाले. "परातकथा. तुम्हाला कुणी सांगितलं?"

रिक्षावाला विचारात पडला. त्याने शेजारच्याला हाक मारून विचारलं की परातकथा कोणत्या तालुक्यात येतं. शेजारचा म्हणाला, चाळीसगावच्या पुढे असेल. तिसऱ्याने ठामपणे सांगितलं की असं गावच नाही, ताईंना परधाडे म्हणायचं असणार आणि तिथे रिक्षाने कुणी जात नाही. मी म्हटलं, मला फक्त बसस्टँडवर सोडा. तो सुटल्यासारखा हसला आणि त्याने रिक्षा चालू केली.

मी पुण्यातल्या एका जुन्या अभ्याससंस्थेच्या दप्तरखान्यात काम करते. कागद आले की झटकायचे, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, क्रमांक घालायचा आणि विषयाचा शिक्का मारायचा. बारा वर्षं माझ्या टेबलावर प्राध्यापक निजसुरे यांचा पत्रव्यवहार आहे. निजसुरे सर अर्थतज्ज्ञ. साठेक वर्षांपूर्वी त्यांनी खानदेशातल्या जिनिंग कारखान्यांत, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढतात तिथे, राबणाऱ्या बायांची पाहणी केली. त्यांच्या मजुरीसाठी ते भांडले, आणि मुलांसाठी पाळणाघरं उघडायला त्यांनी मालकांना भाग पाडलं. माणूस मोठा, पण अक्षर इतकं वाईट की ते वाचणारी आता जगात मी एकटीच उरले आहे.

त्या कागदांत धरणगावच्या सोनाबाई नावाच्या जिनिंगमधल्या बाईंची सोळा पोस्टकार्डं आहेत. बाईंना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत आणि गावातले शाळामास्तर ऐकलं तसं उतरवून घेत. मास्तरांना विरामचिन्हांची आवड नव्हती आणि दोन शब्दांत जागा सोडणं त्यांना कार्डाची नासाडी वाटत असावी. प्रत्येक कार्डात एक शब्द हमखास आहे. परातकथा. 'परातकथा गयी.' 'परातकथा धाडी.' एकात तर 'वरातकोनी परातकथा'. आणि शेवटच्या कार्डात, 'लोकेबोली राहिनात परातकथा.'

याचा अर्थ आमच्या संचालकांनी लावला. परातीत पीठ मळताना बाया एकमेकींना सांगतात त्या परातकथा. निजसुरे सर त्या गुपचूप गोळा करत होते आणि सोनाबाई त्या धाडत होत्या. वरातीत सांगतात त्या वरातकथा, म्हणजे संग्रह दोन. 'लोकबोली राहिनात' म्हणजे लोकांच्या बोली आता टिकत नाहीत, ही जाण एका कामगार स्त्रीला तेव्हाच होती. संचालकांनी 'अर्थतज्ज्ञाचे ललित मन' नावाची पुस्तिका लिहून टाकली. ती छापायला जायची राहिली होती, कारण कथा सापडल्या नव्हत्या. मग त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही व्यवहारी आहात, तुम्ही जा.

मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी मूळची रत्नागिरीकडची. त्या सोळा कार्डांवर 'ललित' हा शिक्का मीच मारला होता.

बसला वेळ होता म्हणून स्टँडजवळ जेवले. हिवाळा होता, म्हणजे जळगावात भरीत. हिरवी, लेकराच्या डोक्याएवढी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात आणि बडगीत (लाकडी डोणीत) ठेचतात. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पुऱ्या. पहिल्या घासाला मला वाटलं, तिखट बरंच सहन होतंय. तिसऱ्या घासाला कानांतून ऊन वाफ निघाल्यासारखं झालं आणि मी वाढणाऱ्याला खुणेनेच पाणी मागितलं. समोर बसलेल्या बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, आपली केळी माझ्या ताटात ठेवली आणि विचारलं, "आते कथा?"

मी डोळे पुसत म्हटलं की हो, आता कथाच. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

बसमधून संचालकांना फोन केला. सांगितलं की उतरल्यापासून दोघांनी आपणहून कथेचा विषय काढला, आणि रिक्षावाल्यांच्या मते ती चाळीसगावच्या पुढची आहे. संचालक गहिवरले. म्हणाले, म्हणजे कथेला भूगोलही आहे. हे वाक्य ते पुस्तिकेत घालणार हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

जळगाव मागे पडलं तशी केळीची बागायत संपली आणि कपाशी सुरू झाली. वेचणी संपत आली होती. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना रुईचे पुंजके लटकले होते, जणू कुणी झाडांची दाढी करता करता फेस तसाच ठेवून निघून गेलं होतं. धरणगावात उतरले तेव्हा दुपार कलली होती. स्टँडजवळच्या किराणा दुकानात सोनाबाईंच्या घराची चौकशी केली.

"कोनती सोनाबाई?" दुकानदार म्हणाला. "परातवाल्यासनी का?"

मी वही काढून तिथल्या तिथे लिहिलं: गावात घराण्याचं नावच परातवाले, स्मृती जिवंत. दुकानदार ती नोंद मोठ्या संशयाने पाहत होता. त्याने बोटाने गल्ली दाखवली आणि बजावलं की तिथे गेल्यावर हा शब्द मोठ्याने काढू नका.

ते मी लक्षात ठेवायला हवं होतं.

घराच्या अंगणात खाटेवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उन्हात गहू निवडत होत्या. या सोनाबाईंच्या सूनबाई; सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. पाच दिवसांनी त्यांच्या नातवाचं लग्न होतं आणि गहू पंगतीतल्या बट्टीसाठी, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांसाठी, होते. मी पुण्याहून आले, निजसुरे सरांच्या कागदांतून आले, असं सांगितलं. मग म्हणाले, "अक्का, मी परातकथेसाठी आले आहे."

अक्कांच्या हातातलं सूप खाली गेलं.

"तेच ते आम्ही साठ वरीस इचारी राहिनूत," त्या म्हणाल्या. "तू सांग. कथा?"

"तेच मी तुम्हाला विचारायला आले. कथा."

"मी तुले इचारस ना. कथा?"

"कथाच," मी म्हणाले.

हे आमचं बराच वेळ चाललं. घरातल्या दोघीतिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी अक्कांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि वेड्या माणसाशी बोलतात तसं सावकाश बोलल्या. "कथा म्हंजे कोठे, वं माय. मन्ही सासू इचारे, परात कोठे गयी."

मला आधी रिक्षावाला आठवला. मग भरीताच्या टेबलावरच्या त्या सज्जन बाई. मग संचालक, आणि शेवटी माझ्या टेबलावरचा तो 'ललित' शिक्का.

पिशवीतून सोळा कार्डांच्या छायाप्रती काढल्या आणि पुण्याच्या उच्चारात एकेक वाचू लागले. पहिल्या दोनचार कार्डांना दारातल्या बाया इतक्या हसल्या की एकीला भिंत धरावी लागली. 'परात कथा गयी', परात कुठे गेली. 'परात कथा धाडी', परात कुठे पाठवली. मग शेवटचं कार्ड आलं. 'लोके बोली राहिनात.' ते मी वाचलं आणि हसू एकदम बंद झालं. अक्का म्हणाल्या, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. लोक बोलताहेत. लोकबोलीचा तिथे काहीही संबंध नव्हता.

मग अक्कांनी सांगितलं. गल्लीत भाऊबंदांची सात घरं. सातांनी मिळून पितळेची एक मोठी परात घेतली होती. लग्नाच्या बट्टीचं पीठ तीतच मळायचं. ती फिरून एकेका घरात राही. सोनाबाईंकडे ती असताना निजसुरे सर आले. गावकऱ्यांच्या तोंडी हे नाव बसेना, म्हणून ते त्यांना निजाम सर म्हणत. सरांना जिनिंगमधल्या बायांच्या लेकरांची वजनं करायची होती. कारखान्यात कापसाचा काटा होता, पण लेकरू ठेवायला पारडं नव्हतं. सोनाबाईंनी कुणालाही न विचारता परात दिली. सरांनी धरणगावची लेकरं जोखली आणि परात घेऊन ते पुढच्या गावी गेले. त्यानंतर परात कुणी पाहिली नाही.

गल्लीने ठरवलं की सोनाबाईंनी परात विकली. उरलेली सहा घरं त्यांच्याकडे जेवेनाशी झाली. सोनाबाई गेल्या तेव्हाही सहा घरं खांदा देऊन आली आणि न जेवता परत गेली. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा बायांनी त्यांची ओळखच 'परातवाल्यासनी सून' अशी करून दिली. आता नातवाचं लग्न. अक्का म्हणाल्या, मला परात नको, सहा घरं पंगतीला हवीत. सासू चोर नव्हती एवढं नानांच्या तोंडून ऐकायचंय.

नाना म्हणजे समोरचं घर. अक्कांचे चुलत दीर, वय सत्तरीच्या आतबाहेर, सहा घरांचं पुढारपण त्यांच्याकडे. मी कार्डं घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. आत्तापर्यंत कागद दाखवून न पटलेला माणूस मला भेटला नव्हता. नानांनी चष्मा लावून सोळाही कार्डं वाचली आणि व्यवस्थित एकावर एक ठेवून परत दिली. म्हणाले, बाईने 'परात कुठे' असं विचारलं, यावरून तिने ती विकली नाही हे कसं ठरतं. चोराच्या उलट्या बोंबा असतात.

"परात दाखाडा," ते म्हणाले, "मंग मी पंगतले येस."

मला राग आला, पण मुद्दा बरोबर होता. मी परत येऊन अक्कांना विचारलं, सरांनी कधी उत्तर पाठवलं नाही का. त्या म्हणाल्या, एक पाठवलं होतं, पण तोवर तो माणूस येडा झाला होता. कपाटातल्या डब्यातून त्यांनी एक आंतर्देशीय पत्र काढलं. ते मास्तरांनी भर गल्लीत मोठ्याने वाचलं होतं आणि त्यातली दोन वाक्यं अजून सगळ्यांना पाठ होती. 'तुमची वरात धुळ्यास सुखरूप आहे. ती पाळणाघरात मुलांच्या भजनासाठी थांबली आहे.' त्यावर गल्ली आठवडाभर हसली. सोनाबाईंनी सरांना कार्ड टाकलं: 'वरात कोनी, परात कथा.' कुणाची वरात, परात कुठे. आमच्या संचालकांचा दुसरा संग्रह इथे निकालात निघाला.

पत्र हातात घेतलं आणि मला माझी बारा वर्षं वाया गेली नाहीत असं वाटलं. निजसुरे सरांचा 'प' हा 'व'सारखाच असतो, 'व'चा 'भ' होतो, आणि 'टांगली' हा शब्द ते कसाही लिहीत. नानांना ओट्यावरून उठून यायला सांगितलं. ते आमच्या अंगणाच्या कडेपाशी, आत पाऊल न टाकता, उभे राहिले. मी वाचलं:

"तुमची परात धुळ्यास सुखरूप आहे. ती पाळणाघरात मुलांच्या वजनासाठी टांगली आहे. काम होताच स्वतः घेऊन येईन."

पत्रावरची तारीख मला ओळखीची होती. त्याच सुमारास सरांची दिल्लीतल्या कुठल्याशा समितीवर नेमणूक झाली आणि नंतर ते खानदेशात फिरकले नाहीत. म्हणजे देशाचं काम झालं आणि परात टांगलेलीच राहिली.

नाना म्हणाले, सकाळी धुळ्याला मीही येतो. विश्वास म्हणून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

सकाळी निघालो. एरंडोलला बस बदलली आणि हमरस्त्याने पारोळ्यावरून धुळ्याकडे. तिघांच्या बाकावर खिडकीशी अक्का, बाहेरच्या टोकाला नाना आणि मधे मी, कारण ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. नानांनी मला सांगितलं, त्यांना म्हणा खिडकी लावा, वारं लागतं. अक्कांनी मला सांगितलं, त्यांना म्हणा साठ वर्षं बोलताना वारं लागलं नाही, आताच कसं लागतंय. मी पहिला निरोप पोचवला, दुसरा गिळला, आणि खिडकी माझ्या हाताने अर्धी लावली. दोघंही माझ्यावर नाराज झाली. पारोळ्याला नानांनी पेरू घेतले. एक मला दिला, एक स्वतःला ठेवला आणि एक माझ्या मांडीवर ठेवून दुसरीकडे पाहत बसले. थोड्या वेळाने मांडीवर नजर गेली तर पेरू नव्हता आणि अक्का चावत होत्या.

धुळ्यात कामगार वस्तीतलं ते पाळणाघर कधीच बंद झालं होतं. इमारत होती; आता तिथे कामगार संघटनेची कचेरी. आत कोपऱ्यात खुर्च्यांची चळत, गुंडाळलेले फलक, आणि टेबलामागे एक व्यवस्थापक. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले. त्यांना सगळे भाऊ म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं, डेड स्टॉकचं रजिस्टर (जुन्या सामानाची नोंदवही) उघडलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "आमच्याकडे परात नाही."

अक्का मटकन खुर्चीवर बसल्या. नाना माझ्याकडे अशा नजरेने पाहायला लागले की मला वाटलं, आता गल्लीत माझंही काहीतरी नाव पडणार.

मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं. दुसऱ्याच्या नोंदवहीला हात लावायचा नसतो हे मी नव्या कारकुनांना शिकवते. त्या दिवशी विसरले. आठव्या पानावर होतं: 'तराजूचे पारडे, पितळी, नग एक.' मी वर पाहिलं. कपाटाच्या माथ्याशी, तुळईला तीन साखळ्यांनी, काळंमिट्ट पडलेलं एक भलंमोठं भांडं लटकत होतं आणि त्याच्या काठावरून एक शेपटी खाली लोंबत होती.

भाऊ म्हणाले, ते पारडं आहे, परात नव्हे. शिवाय त्यात मांजर व्याली आहे, आता हलवता येणार नाही.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. नानांना म्हटलं, तुम्ही परात ओळखाल ना, चढा. नाना कपाटाशेजारच्या टेबलावर चढले. मांजरीने त्यांना ओरबाडलं. एकेक पिल्लू त्यांनी खाली माझ्या पदरात दिलं. ती चार होती आणि चारही माझ्या पदरात मुतली. मग मांजर स्वतःच उडी मारून पिल्लांमागे आली. नानांनी खिशातल्या रुमालाने परातीचा आतला काठ घासला आणि घासता घासता थांबले.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. सातांची परात म्हणून तिच्यावर सात नावं होती.

"वाच," खालून अक्का म्हणाल्या. "बठ्ठा नावं वाच."

नानांनी सगळी वाचली. पहिलं नाव त्यांच्या स्वतःच्या आजोबांचं होतं. ते वाचताना आवाज नेहमीसारखा होता. तिसऱ्या नावाला चष्मा पुसावा लागला. सातवं अक्कांच्या सासऱ्यांचं. ते त्यांनी दोनदा वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मग साखळ्या सोडवल्या. परात सुटली तशी नानांचे हात खाली गेले आणि अक्का धरायला पुढे झाल्या.

"वहिनी, सरका," नाना म्हणाले. "जड शे. मी धरस. सोनाकाकीनी नही इकी."

सोनाकाकीने विकली नाही. एवढंच. टेबलावर उभ्या उभ्या, तोंडाला जळमट लागलेलं.

अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने परातीची धूळ झटकली. "धर," त्या म्हणाल्या. "पन तू इकू नको."

पुढचं काम माझं होतं. भाऊंचा प्रश्न साधा होता: नग एक गेला तर रजिस्टरात नग एक कमी होणार, त्याला मंजुरी कुठून आणायची. मी समोरच्या दुकानातून प्लॅस्टिकचं एक लाल घमेलं आणलं, तुळईला टांगलं आणि अर्ज लिहिला की जुनं पारडं मूळ मालकांना परत करून त्याजागी नवं दिलं आहे. नोंद होती तशीच राहिली. भाऊंनी शिक्का मारला. पिल्लं घमेल्यात ठेवली. मांजरीने आत शिरून घमेलं हुंगलं आणि काही न बोलता बसली. निजसुरे सरांचं धुळ्यातलं पाळणाघर चालूच आहे असं म्हणायला हरकत नाही.

परतीच्या बसमध्ये परात नानांच्या मांडीवर होती. ती एवढी मोठी की नाना बस चालवताहेत असं वाटे. या वेळी मला खिडकी मिळाली. ती दोघं शेजारी बसली आणि एरंडोलपर्यंत सलग भांडली: बट्टीत मक्याचं पीठ घालायचं की नाही, वांग्याची भाजी कोणाच्या हातची, आणि साठ वर्षांत कोणाच्या लग्नात मीठ जास्त झालं होतं. जेवायचं नाही, पण बातमी सगळी असायची.

धरणगावात उतरल्यावर नानांनी टपरीवरून मागितलेल्या पळीने परात बडवत गल्लीत प्रवेश केला. कुत्री भुंकली, सगळी दारं उघडली. परात घासायला चिंच, राख आणि पाच बाया लागल्या. संध्याकाळी अक्कांनी लग्नाची वाट न पाहता तीत पीठ मळलं. मळताना त्यांनी मध्येच हात थांबवले, परातीच्या काठाला साखळ्यांसाठी पाडलेल्या तीन भोकांवरून बोट फिरवलं आणि सरांना एक अहिराणी शिवी दिली. तिचा अर्थ मी विचारला नाही. सहा घरं अंगणात आली. नाना पहिल्या पानावर बसले आणि बट्टी कच्ची आहे म्हणत तीन खाल्ल्या.

जेवण चालू असतानाच संचालकांचा फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं. कथा म्हणजे कुठे. लोकबोली नव्हे, लोक बोलताहेत. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि वरातकथा?"

मी सांगितलं की वरात नव्हतीच.

पुण्याला परत आले. निजसुरे सरांच्या छापील अहवालात पहिल्या पानावर आभार आहेत. अधिकाऱ्यांचे, मालकांचे, मोटार देणाऱ्या एका बागायतदाराचे. ते पान मी किती वेळा वाचलं असेल. या वेळी सोनाबाईंचं नाव शोधलं. नाही. माणूस खरोखरच चांगला होता आणि त्या वजनांवरून जी पाळणाघरं उघडली त्यांत कितीतरी लेकरं वाढली. पण समाजसुधारणा करणाऱ्यांनी मागून आणलेलं भांडं वेळेवर परत करावं, हे या प्रवासाने मला पटवलं. त्यांना ती एक परात होती. सोनाबाईंचं उरलेलं सगळं आयुष्य तीत गेलं.

सोळा कार्डांवरचा 'ललित' शिक्का खोडून मी 'उसनी भांडी' असं लिहिलं. आमच्याकडे असा विषय नाही, म्हणून कारकून कुरकुरला. मी नवीन विषय उघडला.

आता क्रमांक घालण्याआधी मी प्रत्येक पत्र मोठ्याने वाचते. शेजारच्या टेबलांना त्रास होतो, पण इलाज नाही. परवा सरांची पुढची फाइल काढली. साक्रीकडच्या, पिंपळनेरच्या एका मेंढपाळ बाईने सरांना लिहिलं होतं, आणि मागच्या कार्डातही तेच, आणि त्याच्या मागच्यातही: पावसात अंगावर घ्यायला दिलेलं घोंगडं वाळलं असेल तर पाठवून द्यावं.

भिजत घोंगडं आपण म्हणतो. हे खरंच कुठेतरी पडलेलं आहे. मी पिंपळनेरच्या गाड्यांचं वेळापत्रक काढलं आणि संचालकांकडे रजेचा अर्ज घेऊन गेले.